पुस्तक मिटल्यावर काय उरतं? स्वतःला ओळखण्यासाठी वाचायचं कसं

१५२१ साली स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला एक बास्क सरदार घरी अंथरुणाला खिळून होता. वेळ जाईना म्हणून त्याने शूरवीरांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या. घरात तसलं एकही पुस्तक नव्हतं. होतं ते एक ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजाने त्याने तेच हातात घेतलं. वाचून झालं की तो दिवास्वप्नांत रमायचा. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा, तर कधी या संतांसारखा अनवाणी यात्रेला निघायचा. रंगात असताना दोन्ही स्वप्नं सारखीच गोड. फरक पडायचा नंतर. पहिलं ओसरलं की मन कोरडं पडे आणि दुसरं ओसरल्यावरही समाधान टिकून राही. बरेच दिवस हा फरक त्याच्या ध्यानातही आला नव्हता. हा माणूस म्हणजे पुढे ख्रिस्ती संत ठरलेला इग्नेशियस लोयोला. पुढे त्याने जी साधनापद्धत बांधली तिचं मूळ या साध्या निरीक्षणात आहे.

त्याची श्रद्धा तुमची असो वा नसो, निरीक्षण कुणालाही उपयोगी पडेल असं आहे. वाचत असताना काय वाटलं त्याला मी फारशी किंमत देत नाही. हातखंडा लेखक कुणालाही तासभर भारून टाकतो. पुस्तक मिटल्यावर, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी कामाच्या गडबडीत आत काय शिल्लक आहे, तिथे आपला पत्ता लागतो. खालची सगळी रीत याच धाग्यावर ओवलेली आहे. तिला लागतं ते एवढंच: एक वही, दिवसातला अर्धा तास, आणि 'हे मला माहीत नाही' असं स्वतःशी म्हणायची तयारी. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड.

आधी प्रश्न, मग पुस्तक

बहुतेक जण उलट करतात. कुणीतरी सुचवलेलं पुस्तक आणतात आणि त्यात आपल्यासाठी काय आहे ते शोधत बसतात. त्याआधी एक बैठक रिकाम्या वहीसमोर घालवा आणि सध्या आत कुरतडणारा एक प्रश्न लिहा.

'मी कोण आहे?' हा प्रश्न थोर आहे, पण सुरुवातीला निरुपयोगी. तो इतका मोठा आहे की त्याला कुठूनही पकडता येत नाही आणि पाठ केलेलं उत्तर लगेच तोंडावर येतं. त्यापेक्षा असं काही लिहा: 'कौतुक झालं की मला अवघडल्यासारखं का होतं?' 'प्रार्थना म्हणताना मी कुणाशी बोलतो आहे असं मला वाटतं?' 'ज्याच्यावर माझा विश्वास नाही, त्याचीच मला भीती का वाटते?' प्रश्न बरोबर जमला की लिहिताना किंचित संकोच वाटतो, वही कुणी पाहू नये असं वाटतं. तो संकोच आला नाही तर प्रश्न अजून वरवरचा आहे, पुन्हा लिहा.

काय वाचायचं

एका वेळी तीन पुस्तकांची जुळणी करा. एक तुमच्या स्वतःच्या परंपरेतलं, जे लहानपणापासून कानावर पडलं पण नीट वाचलं कधीच नाही. दुसरं पूर्णपणे परक्या परंपरेतलं. तिसरं अशा माणसाचं, जो यातलं काहीच मानत नाही आणि का मानत नाही हे प्रामाणिकपणे मांडतो. तिसरं पुस्तक गाळू नका. फक्त श्रद्धावंतांचं वाचणारा आणि फक्त शंकेखोरांचं वाचणारा, दोघंही स्वतःच्याच मताची उजळणी करत असतात.

निवडताना उपदेशापेक्षा अनुभवकथनाला झुकतं माप द्या. 'असं करा' म्हणणाऱ्या लेखकापेक्षा 'माझं असं झालं' म्हणणारा जास्त उपयोगाचा, कारण त्याच्या सांगण्यात अडचणी, चुका आणि कोरडे महिने असतात. पुस्तक हातात घेतल्यावर दोन ठिकाणी डोकवा. लेखक न पटणाऱ्या लोकांबद्दल कसं बोलतो ते पाहा. जो त्यांना मूर्ख किंवा पापी ठरवून मोकळा होतो, तो तुमच्यातल्या शंकेलाही तसंच वागवणार. दुसरं, तो किती वचनं देतो. अमुक दिवसांत शांती, संपत्ती आणि साक्षात्कार एकत्र मिळणार असतील तर पुस्तक खाली ठेवा.

भाषांतर वाचत असाल तर एखादा महत्त्वाचा उतारा दोन अनुवादांत ताडून पाहा. दोन्ही अनुवादक जिथे वेगळे होतात तिथे मूळ मजकूर बहुधा अवघड किंवा गूढ असतो, आणि आपल्याला थांबायचं असतं ते नेमकं तिथे.

थोडं, मोठ्याने, आणि पुन्हा

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगताना तीन गोष्टी करायला सांगतो: ऐकणं, मनन करणं आणि निदिध्यासन, म्हणजे त्यातच मन मुरवत राहणं. बाराव्या शतकात कार्थुसियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठातल्या 'गुइगो दुसरा' या साधूने ख्रिस्ती साधकांसाठी चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग शब्दांवाचून नुसतं पाहत राहणं. परंपरा दोन वेगळ्या, तरी दोन्हींत ऐकणं किंवा वाचणं ही फक्त पहिली पायरी आहे. आपण बहुतेक जण त्याच पायरीवर पानं मोजत बसतो.

व्यवहारात हे असं करा. आठ-दहा ओळींचा उतारा घ्या, त्याहून मोठा नको. पहिल्यांदा हळू आणि मोठ्याने वाचा, अर्थ लावायचा प्रयत्न न करता. दुसऱ्यांदा वाचताना कुठे अडकायला होतं ते पाहा. एखादा शब्द टोचतो, एखादा ओढून घेतो. तो अधोरेखित करा. तिसऱ्यांदा फक्त तेवढंच वाक्य वाचा आणि विचारा: हे आत्ता माझ्या कुठल्या गोष्टीला जाऊन लागलं? मग पुस्तक मिटा आणि पाच-दहा मिनिटं काही करू नका. फोन दुसऱ्या खोलीत. मन भरकटेल, तर भरकटू द्या, फक्त कुठे गेलं ते पाहा. या वेळात विचार जिथे पळतो, तिथे पुष्कळदा तुमचा खरा प्रश्न दडलेला असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, नासदीय सूक्त, फक्त सात ऋचांचं आहे. सृष्टी कुठून आली हे विचारत विचारत ते शेवटच्या ऋचेत येतं आणि म्हणतं: परम आकाशात बसलेला जो याचा अध्यक्ष आहे, 'सो अङ्ग वेद यदि वा न वेद', तो हे जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नाही.

पहिल्या वाचनाला वही कोरी राहिली तरी हरकत नाही. दुसऱ्या वाचनाला 'यदि वा न वेद' इथे पेन थांबलं असं समजा. नोंद अशी होईल: 'धक्का बसला. थोडा रागही. ज्याला सगळं ठाऊक असायला हवं त्यालाच ठाऊक नाही म्हणजे काय?' गप्प बसण्याच्या वेळात मन कुठल्या तरी जुन्या प्रसंगाकडे गेलं: घरातलं मोठं माणूस दवाखान्याच्या दारात उभं होतं, त्याला विचारलं 'आता काय करायचं?' आणि ते म्हणालं 'मला माहीत नाही'. संध्याकाळची नोंद: 'राग गेला. त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच कणव वाटली.' पाहा, विश्वाच्या उत्पत्तीबद्दल या वाचकाला एक अक्षरही नवं कळलेलं नाही. पण कुणीतरी सर्वज्ञ असलंच पाहिजे ही आपली जुनी मागणी त्याला दिसली. ती मागणी दिसल्याशिवाय देव आहे की नाही यावर घातलेला वाद बहुतेक वेळा त्या दवाखान्याच्या दाराशीच चाललेला असतो.

वहीची मांडणी

पानाचे तीन भाग करा. पहिल्यात मजकूर काय म्हणतो ते आपल्या शब्दांत, शक्य तितकं कोरडं. दुसऱ्यात वाचताना तुमच्या आत काय झालं: राग, ओढ, कंटाळा, छातीत दडपण, काहीच नाही. 'काहीच नाही' हीसुद्धा नोंदच आहे. तिसरा भाग वाचनाच्या वेळी रिकामा ठेवायचा आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी भरायचा: काय उरलं? इग्नेशियसची कसोटी ती हीच. पहिला आणि दुसरा भाग मिसळू न देणं हे यातलं खरं कौशल्य आहे. मजकुराने जे म्हटलंच नाही ते त्याच्या तोंडी घालायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते.

पुस्तक संपलं की आणखी एक काम. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार मोंतेन्य याची स्मरणशक्ती, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, अगदी बेभरवशाची होती. म्हणून तो पुस्तकाच्या शेवटी वाचून संपवल्याची तारीख आणि तेव्हाचं आपलं मत लिहून ठेवत असे. तीन-चार ओळी पुरतात. तारीख मात्र विसरू नका.

चीड आणि कंटाळा

ज्या पानावर पुस्तक फेकून द्यावंसं वाटतं, तिथे थांबण्यासारखं असतं. पण प्रत्येक चीड अर्थपूर्ण नसते हेही खरं. काही पुस्तकं निव्वळ वाईट लिहिलेली असतात. फरक ओळखायला सोपा उपाय आहे. लेखकाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल अशा रीतीने दोन वाक्यांत लिहून पाहा. सहज लिहिता आलं आणि तरी पटलं नाही, तर तो साधा मतभेद आहे, पुढे चला. लिहिताच येत नसेल, प्रत्येक वेळी वाक्यात कुत्सितपणा शिरत असेल, तर त्या मजकुराने तुमच्या कुठल्या तरी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय.

कंटाळ्याचं वेगळं. सलग काही बैठकी कंटाळा आला तर पुस्तक बदला. पुस्तक पूर्ण करण्यात कसलंही पुण्य नाही.

'हे अगदी माझ्यासाठीच लिहिलंय' असं वाटलं की सावध

१९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्वचाचणी सोडवून घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' विश्लेषण लिहून दिलं. विद्यार्थ्यांनी ते आपल्याला किती लागू पडतं याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर मिळाला होता, तोही बराचसा एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. 'तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे', 'बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून अस्वस्थ असता' अशा धाटणीची वाक्यं.

आध्यात्मिक पुस्तकं अशा वाक्यांनी खच्चून भरलेली असतात आणि आत्मशोधाच्या नावाखाली आपण तीच अधोरेखित करत सुटतो. यावर माझा आवडता उपाय म्हणजे वाक्य उलटं करून वाचणं. 'तुम्ही इतरांसाठी फार झिजता आणि स्वतःला विसरता' हे पटलं? आता 'तुम्ही स्वतःत फार गुंतता आणि इतरांना विसरता' हे वाचा. तेही तितकंच पटलं तर दोन्ही वाक्यं तुमच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. उलट केल्यावर जे खोटं ठरतं, ते ठेवा. शिवाय त्याला एक प्रत्यक्ष प्रसंग जोडून लिहा: केव्हा, कुणाशी, काय झालं. प्रसंग आठवत नसेल तर ते वाक्य गोड असेल, तुमचं नाही.

अज्ञातासाठी जागा कशी ठेवायची

आता अवघड भाग. देव, आत्मा, मृत्यूनंतरचं काही, अचानक आलेला एकतेचा अनुभव, खरं ठरलेलं स्वप्न: यांच्याबद्दल मन खुलं ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सगळं खरं मानणं म्हणजे खुलेपणा नव्हे. सगळं हसण्यावारी नेणंही नव्हे. दोन्हीत एक समान घाई आहे, प्रश्न मिटवून टाकण्याची.

वहीच्या शेवटी काही पानं राखून ठेवा आणि तिथे तीन मथळे द्या: 'मला माहीत आहे', 'मी मानतो', 'मला माहीत नाही'. वाचनातून किंवा जगण्यातून आलेली प्रत्येक मोठी गोष्ट यांपैकी एकाखाली लिहा. पहिल्याखाली लिहिताना आधार द्यावा लागेल. बऱ्याच गोष्टी पहिल्यातून दुसऱ्याखाली सरकतील, थोडं दुखेल. तिसऱ्या मथळ्याखालचं पान हळूहळू भरत जातं, आणि ते भरणं म्हणजेच प्रगती. तिथली नोंद पुसायची घाई नको. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या एका सुत्तात, म्हणजे उपदेशात, मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू बुद्धाला धमकीच देतो: जग शाश्वत आहे की नाही, मृत्यूनंतर तथागत उरतो की नाही, हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. बाण कुणी मारला, त्याचं कुळ कोणतं, धनुष्य कसलं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस ते कळायच्या आधीच मरेल. काही प्रश्न उघडे ठेवूनही जगता येतं, साधनाही करता येते.

कधीतरी वाचताना किंवा त्यानंतरच्या शांततेत काही विलक्षण घडूही शकतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०१-०२ मध्ये एडिंबरोत दिलेल्या व्याख्यानांत अशा अनुभवांच्या चार खुणा सांगितल्या होत्या: शब्दांत धड सांगता येत नाही, काहीतरी कळलं अशी खात्री वाटते, फार वेळ टिकत नाही, आणि आपण करत नसून आपल्याला होतंय असं वाटतं. तुमच्या अनुभवात या खुणा दिसल्या तर एवढंच कळतं की असा अनुभव येणारे तुम्ही एकटे नाही. त्याचा उगम कुठे, हे या खुणा सांगत नाहीत. म्हणून नोंद करताना घटना आणि अर्थ वेगळे ठेवा. 'खोली उजळल्यासारखी वाटली, रडू आलं, दोन-तीन मिनिटं भीती पूर्ण गेली' ही घटना. 'गुरूंनी दर्शन दिलं' किंवा 'मेंदूतली रसायनं' हा अर्थ. घटना त्याच दिवशी लिहा, अर्थासाठी दोन-चार आठवडे थांबा. आणि लगेच सगळ्यांना सांगत सुटू नका. चार वेळा सांगितलं की सांगण्यातली गोष्टच खरी वाटू लागते आणि मूळ अनुभव तिच्याखाली गाडला जातो.

कृतीत उतरवून पाहणं

१९०४ साली जोहान्सबर्गहून दर्बनला जाताना गांधीजींनी इंग्रज लेखक जॉन रस्किनचं 'अन टू धिस लास्ट' गाडीत वाचायला घेतलं आणि त्यांना ते खाली ठेवता येईना. त्या रात्री झोपही लागली नाही. त्याच वर्षी फिनिक्स आश्रम उभा राहिला. पुस्तकाने माणूस बदलतो याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. गांधीजींनी स्वतः लिहिलंय की आपल्या आत खोल रुजलेल्या श्रद्धांचंच प्रतिबिंब त्यांना त्या पुस्तकात दिसलं. म्हणजे जमीन आधीच तयार होती.

तुमची तयार आहे का, हे छोट्या कृतीने तपासता येतं. महिन्याभराच्या वाचनातून वर आलेली एकच गोष्ट घ्या आणि आठवडाभर करून पाहा. राग आल्यावर उत्तर द्यायला एक दिवस थांबणं, टाळलेला एक फोन करणं, केलेलं चांगलं काम कुणाला न सांगणं. आठवड्यानंतर तिसऱ्या रकान्याचा प्रश्न पुन्हा: काय उरलं? नोकरी सोडणं, नातं तोडणं, दीक्षा घेणं, असले निर्णय वाचनाच्या भरात घेऊ नका. खरी ओढ असेल तर ती सहा महिन्यांनीही तिथेच असते. फरक पडतोय का हे घरच्यांना थेट विचारू नका, ते भिडेखातर हो म्हणतील. त्यांचं तुमच्याशी बोलणं सैल होतंय का ते पाहा.

सोबत, आणि कधी थांबायचं

एक तरी सोबती हवा, शक्यतो वेगळ्या मताचा. दोघांनी एकच उतारा आठवडाभर वाचायचा आणि भेटल्यावर फक्त पहिल्या दोन रकान्यांतलं बोलायचं. सल्ला द्यायचा नाही, हा एकच नियम. मोठ्या गटात जात असाल तर एवढं बघा: बाहेरची पुस्तकं वाचायला मनाई आहे का? शंका विचारणाऱ्याला कमी लेखतात का? पैसे किंवा घरच्यांपासून दुरावा मागतात का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर निघून या, कारणं देत बसू नका.

झोप उडाली, खाण्यावरची वासना गेली, कुणी आदेश देतंय असं ऐकू येऊ लागलं, आपल्यावर काही खास कामगिरी सोपवली आहे अशी पक्की खात्री वाटू लागली, किंवा जगणंच नको वाटू लागलं, तर वाचन आणि ध्यान दोन्ही थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. त्याने अनुभवाचा अपमान होत नाही. शोकात असलेल्यांनी किंवा आधी मानसिक आजार होऊन गेलेल्यांनी लांब मौनाच्या बैठका कुणा जाणत्याच्या देखरेखीशिवाय करू नयेत. नुसतं वाचन आणि वही पुरे.

वर्षाने परत

पहिल्या वर्षातली दोन-तीन पुस्तकं निवडा, ज्यांच्या तिसऱ्या रकान्यात काहीतरी टिकलं होतं, आणि ती पुन्हा वाचा. जुन्या नोंदी आधी उघडू नका. नव्या शाईने नव्या नोंदी करा, मग दोन्ही शेजारी ठेवा. अधोरेखित केलेली वाक्यं बदलली असतील तर काय बदललं ते लिहा. तीच राहिली असतील तर पहिल्या पानावरचा प्रश्न काढा आणि तो अजून तुमचा आहे का ते तपासा. नसेल तर त्याच्यावर काट मारून खाली तारीख घाला आणि नवा लिहा. शेवटच्या पानांवरच्या 'मला माहीत नाही'खालच्या नोंदी मात्र नव्या वहीत जशाच्या तशा उतरवून घ्या.